ठराव फ्रेममध्ये, दिवे दुपारीही चालू

वाचकाचं पत्र

ताई, दीड वर्षापूर्वी आम्ही सात-आठ शेजाऱ्यांनी मिळून आमच्या नगरपालिकेला निवेदन दिलं, 'हवामान आणीबाणी जाहीर करा', म्हणजे हवामान बदल हे तातडीचं संकट आहे असं मान्य करा. दारोदार फिरून सहाशे सह्या गोळा केल्या. कुणी दार लावून घेतलं, कुणी बसवून ऐकलं. आश्चर्य म्हणजे सभेने ठराव एकमताने मंजूर केला. टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि ठरावाची प्रत फ्रेम करून नगराध्यक्षांच्या दालनाबाहेर टांगली गेली. त्यानंतर काही नाही. एक समिती नेमली, तिची एक बैठक झाली. आमच्यातले निम्मे लोक आता माझा फोन उचलत नाहीत.

माझे यजमान रोज दुपारी कोपऱ्यावरच्या खांबाकडे बोट दाखवतात. तिथला दिवा भर उन्हात चालू असतो. म्हणतात, "यांना दिवा बंद करता येत नाही, आणि हे पृथ्वीचं तापमान कमी करणार!" मला राग येतो, कारण उत्तर सुचत नाही. खरंच नगरपालिकेच्या हातात काही असतं का? असलं तर आम्ही आता काय करायचं? पुन्हा सह्या गोळा करण्याचं त्राण नाही.

— टाळ्या वाजवून हात दुखलेली

उत्तर

हात दुखलेल्या मैत्रिणीस,

यजमानांवर रागावू नका. त्या दिव्याकडे बोट दाखवून त्यांनी तुमचं अर्धं काम करून ठेवलंय. त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी तुमच्या ठरावाबद्दल. मी पंधराएक वर्षं नगरपालिकेच्या सभा पत्रकारांच्या बाकावर बसून काढल्या आहेत. तिथे सगळ्यात आधी कळलं ते हे, की ज्या ठरावाला पैसे लागत नाहीत तो एकमताने मंजूर होतो. भांडण पाहायचं असेल तर ज्या विषयापुढे 'अंदाजित खर्च' असा रकाना असतो, त्या विषयापर्यंत थांबावं लागतं. तुमच्या ठरावापुढे तो रकाना कोराच असणार. म्हणून टाळ्या मिळाल्या.

याचा अर्थ तुम्ही फसलात असा नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातल्या डेअरबिन या नगरपालिकेने डिसेंबर २०१६ मध्ये हवामान आणीबाणी जाहीर केली. असं करणारी ती जगातली पहिली. त्यानंतर दोन हजारांहून जास्त स्थानिक आणि इतर शासनसंस्थांनी तसे ठराव केले. त्यातल्या काहींनी पुढे खरंच काम केलं, बऱ्याच ठिकाणी तुमच्यासारखी फ्रेम झाली. मात्र ठराव रद्द झालेला नाही ना, मग तो तुमच्या हातातली पोचपावती आहे. उद्या एखादा अधिकारी 'हा आमचा विषय नाही' म्हणाला, तर त्याला ठराव क्रमांक आणि तारीख दाखवता येते. फ्रेमचा एवढा उपयोग नक्की आहे. प्रत काढून पिशवीत ठेवा.

आता तुमचा खरा प्रश्न, हातात काही असतं का. ब्रिटनच्या हवामान बदल समितीने २०२० मध्ये तिथल्या स्थानिक संस्थांचा हिशेब मांडला होता. हद्दीतून हवेत जाणाऱ्या, तापमान वाढवणाऱ्या वायूंपैकी, म्हणजे एकूण उत्सर्जनापैकी, जेमतेम २ ते ५ टक्के थेट त्या संस्थेच्या ताब्यात असतं, म्हणजे तिच्या इमारती, तिची वाहनं, तिचे दिवे. इथे तुमचे यजमान जिंकले. पण त्याच हिशेबात पुढे आहे की सुमारे एक तृतीयांश उत्सर्जन असं असतं, ज्यावर तिच्या निर्णयांचा परिणाम होतो. बांधकामाला परवानगी कोणत्या अटींवर दिली, पदपथ सलग आहे की दर वीस पावलांवर तुटलेला, बस कुठून कुठे जाते, कचरा कुठे पडतो, हे सगळं त्यात येतं. इथे तुम्ही जिंकलात. आकडे ब्रिटनचे आहेत, तुमच्या गावचे वेगळे निघतील, पण नगरपालिकेच्या खिशात थोडं आणि तिच्या शिक्क्यात बरंच हे चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. तुम्ही आजवर तिच्याकडे शब्द मागितले. आता खिसा आणि शिक्का मागा.

खिशापासून सुरू करू, कारण तिथे पालिकेचाच फायदा असतो आणि फायदा असेल तिथे विरोध कमी.

एकदा एका पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी बातमीसाठी गेले होते. बातमी भलत्याच विषयाची होती. बोलता बोलता तिथल्या अभियंत्यांनी कपाटातून सुतळीने बांधलेली एक जाड फाईल काढून टेबलावर आपटली. धूळ उडाली. आत नुसती वीजबिलं. पंप वीस वर्षांचे, दर पावसाळ्यानंतर एकदा तरी जळणारे. ते म्हणाले, "नवीन पंप मागितले की पैसे नाहीत म्हणतात. आणि हे बिल मात्र दर महिन्याला निमूट भरतात." मला तेव्हा गंमत वाटली. नंतर कळलं, यात कुणाचा मूर्खपणा नव्हता, हिशेबाची रचनाच तशी होती. वीजबिल जातं महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चात; पंप येतो भांडवली, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वस्तूंच्या खर्चात. लेखाशीर्षं वेगळी, टेबलं वेगळी, कधीकधी मजलेसुद्धा वेगळे. बिल भरणाऱ्याला पंप दिसत नाही आणि पंप नाकारणाऱ्याला बिल दिसत नाही.

ही गोष्ट मी लांबण लावून सांगतेय, कारण स्थानिक पातळीवरच्या हवामानाच्या कामाचा मोठा भाग या दोन टेबलांची गाठ घालून देण्यात आहे. आणि ती गाठ बाहेरचा माणूसच घालू शकतो, कारण आतल्या माणसाने दुसऱ्याच्या टेबलात डोकावलं की ते भांडण समजलं जातं. पाणी उपसणं, ते शुद्ध करणं, टाकीत चढवणं, सांडपाणी पुढे ढकलणं, रस्त्यावरचे दिवे, कार्यालयं आणि शाळा: पालिकेची वीज इथे जाते. त्यात गळती धरा. फुटक्या नळातून वाहून जाणारं पाणी म्हणजे उपसून, शुद्ध करून, वर चढवून मग जमिनीत सोडलेली वीज. गळती शोधणं हे हवामानाचं काम आहे असं कुणी म्हणत नाही, पण आहे.

दिव्यांचं उदाहरण तर तयारच आहे. लॉस एंजेलिस शहराने २००९ पासून चारेक वर्षांत रस्त्यावरचे सुमारे १,४०,००० दिवे बदलून एलईडी बसवले. त्या दिव्यांचा वीजवापर साठ टक्क्यांहून जास्त घटला. पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्यासाठी जगभर चालणारे दोन मार्ग आहेत. एक, कंत्राटदार स्वतःच्या पैशाने दिवे किंवा पंप बसवतो आणि वाचलेल्या बिलातून काही वर्षं आपला वाटा घेतो. दुसरा, पालिका छोटा निधी बाजूला काढते, त्यातून पहिलं काम होतं, त्यातली बचत त्याच निधीत परत येते आणि पुढचं काम होतं. पहिल्या मार्गात एक मेख असते. बचत मोजणार कोण आणि कशाच्या तुलनेत, हे करारात स्पष्ट नसेल तर कंत्राटदार न वाचलेल्या विजेचेही पैसे घेऊन जातो. तुमच्या ओळखीत एखादे निवृत्त विद्युत अभियंता असतील, तर त्यांना ते कलम वाचायला बसवा. निवृत्त अभियंत्यांना अशी कामं फार आवडतात.

कचऱ्याकडे वळते. ओला कचरा ढिगाऱ्यात दाबला गेला की आत हवा पोचत नाही आणि कुजताना मिथेन तयार होतो. वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट भरते, आणि तो हवेत साधारण दशकभरच टिकतो. म्हणजे इथे केलेल्या कामाचा परिणाम आपल्या हयातीत दिसतो, पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. उपाय कंटाळवाणा आणि सगळ्यांना पाठ असलेला आहे, ओला-सुका वेगळा करा. पण तो तडीला नेणारी शहरं आहेत. मिलान शहराने २०१२ मध्ये एका भागापासून सुरुवात केली आणि २०१४ पर्यंत सगळं शहर त्यात आणलं. घरोघरी जाळीदार छोटी बादली आणि कुजणाऱ्या पिशव्या दिल्या. बादली जाळीदार का, तर हवा खेळली की पाणी सुटत नाही आणि वास कमी येतो. लोक वर्गीकरण करत नाहीत त्याला आळसाबरोबर तो वासही कारण असतो. मला हा बारकावा फार आवडतो. कुणीतरी प्रत्यक्ष ओट्यापाशी उभं राहून विचार केला होता.

मात्र एक लक्षात ठेवा. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना लोकांनी एकदा पाहिला की पुढची दहा वर्षं ते ऐकत नाहीत. म्हणून पालिकेला 'जनजागृती करा' असं सांगण्याआधी 'गाडीत कप्पे करा' असं सांगा.

आता शिक्का. इथे पालिकेचा खर्च जवळजवळ शून्य, आणि परिणाम पन्नास वर्षं. बार्सिलोनाने १९९९ मध्ये नियम मंजूर केला आणि २००० पासून लागू केला, की नव्या आणि मोठ्या दुरुस्तीच्या इमारतींमध्ये गरम पाण्याचा ठरावीक हिस्सा सूर्याच्या उष्णतेवर तापवलेला असला पाहिजे. युरोपातल्या एका शहराने पंचवीस वर्षांपूर्वी केलेला हा नियम नंतर स्पेनमधल्या इतर शहरांनी उचलला. टोकियोने एप्रिल २०२५ पासून मोठ्या बांधकाम कंपन्यांना नव्या घरांवर सौर पॅनेल बसवणं बंधनकारक केलं. न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने २५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनाला मर्यादा घातली आणि २०२४ पासून ती लागू झाली. तुमच्या पालिकेला एवढे अधिकार असतील असं नाही, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. पण बांधकाम परवानगीच्या अर्जात पाण्याचा, सावलीचा, वाऱ्याचा, सायकली ठेवण्याच्या जागेचा एखादा प्रश्न घालण्याइतका अधिकार बहुतेक ठिकाणी असतोच. तसंच निविदांचं. पालिका वाहनं घेते, रंग घेते, फरशी घेते. निविदेत 'सर्वात कमी किंमत' याऐवजी 'दहा वर्षांत येणारा सर्वात कमी खर्च' अशी अट एकदा शिरली की बरीच कामं आपोआप सुधारतात. ही अट कुठल्याही भाषणात टाळ्या घेत नाही, म्हणून ती कुणी मागत नाही. तुम्ही मागा.

उष्णता आणि पाऊस यांचं काम वेगळं आहे. तिथे उत्सर्जन कमी करण्याचा नाही, माणसं वाचवण्याचा प्रश्न असतो, आणि तो शंभर टक्के स्थानिक असतो. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादमध्ये नेहमीपेक्षा सुमारे १,३०० जास्त मृत्यू झाले. महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला, दक्षिण आशियातला पहिला. त्यात भव्य काही नव्हतं. तापमानाच्या अंदाजानुसार रंगांचे इशारे, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय, कोणत्या इशाऱ्याला कुणी कुणाला फोन करायचा याची यादी. नंतरच्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी अकराशेहून जास्त मृत्यू टळले. एक फोनची यादी आणि काही पाणपोया! कोलंबियातल्या मेडेजिन शहराने २०१६ पासून रस्ते आणि नाल्यांच्या काठाने तीस हिरवे पट्टे तयार केले, आणि तिथलं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला काही तासांत इतका पाऊस पडला की शहर तुंबलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला आणि नुसते पाइप मोठे करण्याऐवजी बागा आणि रस्तेच असे घडवायला घेतले की मोठ्या पावसात ते पाणी धरून ठेवतील.

झाडांबद्दल मी थोडी खडूस आहे. इतकी रोपणं पाहिली आहेत, त्याच खड्ड्यात दरवर्षी. पालिकेला 'किती झाडं लावली' हे कधीच विचारू नका. 'तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली' हे विचारा. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनने याला चांगलं उत्तर काढलं. तिथे रोपाला मोबाइलवर नोंदवलेली ओळख मिळते आणि राखणाऱ्या माणसाला रोप जगवल्याबद्दल, त्याची नोंद ठेवल्याबद्दल मोबदला मिळतो. तिथे पैसे झाड जगवायला मिळतात.

आता तुम्ही काय करायचं. पुन्हा सह्या नकोत, तुमचं बरोबर आहे. सहाशे सह्यांनी जे मिळायचं ते मिळालं.

अंदाजपत्रकाचं वेळापत्रक शोधा. बहुतेक लोक अंदाजपत्रक सभेपुढे आल्यावर जागे होतात आणि गॅलरीत जाऊन बसतात. तोवर भात शिजलेला असतो. खरं काम काही महिने आधी होतं, जेव्हा प्रत्येक विभागप्रमुख आपापल्या मागण्या लेखा विभागाकडे पाठवतो. त्या आठवड्यात पाणीपुरवठ्याच्या किंवा विद्युत विभागाच्या अधिकाऱ्याला भेटा. नगरसेवकांना भेटूच नका असं नाही, पण आधी अधिकारी. त्यांच्या खणात बहुधा तीन वर्षं मंजूर न झालेला एखादा चांगला प्रस्ताव पडलेला असतो. तुम्ही नवी कल्पना घेऊन गेलात तर त्यांचं काम वाढतं. 'तुमचा अडकलेला प्रस्ताव कोणता?' असं विचारलंत तर ते चहा मागवतात.

मग त्या एका प्रस्तावाच्या मागे लागा. एकाच. पत्र एका पानाचं हवं. त्यात मागच्या वर्षीचं बिल किती, प्रस्ताव मंजूर झाला तर किती होईल, पैसे किती वर्षांत वसूल, आणि तुमचा तो ठराव क्रमांक. आकडे मिळत नसतील तर अनेक देशांत सरकारी माहिती मागण्याचा कायदा आहे, तो वापरा. पण आधी तोंडी विचारून बघा. अर्ज आला की कार्यालय सावध होतं, आणि सावध कार्यालय हळू चालतं. पत्र आवक विभागात देऊन त्याचा क्रमांक घ्यायला मात्र विसरू नका. क्रमांक नसलेलं पत्र म्हणजे गप्पा.

बरोबर कोण आहे हेही बघा. तुमचे सात-आठ जण सगळे पर्यावरणप्रेमी असतील, तर सभेला तुम्ही एका सुरातले वाटता. एखादा दुकानदार आणा, ज्याच्या दुकानात पाणी शिरतं. एखाद्या डॉक्टर आणा, ज्यांना उन्हाळ्यात दाखल होणाऱ्यांची संख्या माहीत आहे. शाळेतल्या मुलांचे आई-वडील आणा. त्यांनी 'हवामान बदल' हा शब्द उच्चारायलाच हवा असं नाही. स्वीडनमधल्या व्हेक्शो या गावाने १९९६ मध्येच ठरवलं होतं की आपण खनिज इंधनाशिवाय जगायचं, आणि ते सगळ्या पक्षांनी मिळून ठरवलं होतं. म्हणून निवडणुका आल्या-गेल्या तरी काम उलटलं नाही. तुमचा विषय एका पक्षाचा झाला तर पुढच्या निवडणुकीबरोबर जाईल. सत्ताधाऱ्यांकडे गेलात तर त्याच आठवड्यात विरोधकांकडेही जा, आणि दोघांना एकमेकांबद्दल सांगा.

शेजाऱ्यांचा विरोध होईल. वाहनांवर, पार्किंगवर, रस्त्याच्या कडेच्या दोन फूट जागेवर हात पडला की होतोच. तेव्हा कायमचं काही मागू नका, चाचणी मागा. स्टॉकहोममध्ये शहरात येणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरलं, तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. जानेवारी २००६ पासून सात महिने फक्त चाचणी घेतली. वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली. मग चाचणी थांबवली, गाड्या परत वाढल्या आणि लोकांना फरक कळला. सप्टेंबरात मतदान घेतलं, तर शहराने निसटत्या बहुमताने का होईना, हो म्हटलं. पुढच्या वर्षी शुल्क कायम झालं. माझ्या मते यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे चाचणी थांबवणं. बदल काय झाला हे लोकांना तो काढून घेतल्यावर कळलं.

आणि गर्दीची चिंता करू नका. पॅरिसमध्ये मार्च २०२५ ला आणखी पाचशे रस्ते पादचाऱ्यांसाठी खुले करायचे का यावर मत घेतलं. सुमारे ६६ टक्क्यांनी होकार दिला, पण मतदानाला आले मतदारांपैकी जेमतेम चार टक्के. हे लोकशाहीला भूषणावह आहे असं मी म्हणणार नाही. पण स्थानिक कारभार जे येतात त्यांच्याच मतावर चालतो. तुमचे जे लोक फोन उचलत नाहीत ते जाऊ द्या. तीन माणसं दर सभेला न चुकता येत असतील तर नगरसेवक त्यांना ओळखायला लागतात, आणि ओळखीच्या चेहऱ्यासमोर थाप मारणं जरा जड जातं. तुमच्याकडे नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकाचा काही भाग ठरवण्याची सोय असेल, ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रीने १९८९ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आता जगभर पसरली आहे, तर तिथे नाव नोंदवा. नसेल तर पुढच्या वर्षीची मागणी तीच असू द्या.

एक काम मात्र करू नका, दूरच्या वर्षाचं उद्दिष्ट मागू नका. कोपनहेगन २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडतो तेवढ्याची भरपाई करणारं, जगातलं पहिलं राजधानीचं शहर ठरणार होतं. उत्सर्जन त्यांनी खूप उतरवलंही. पण हिशेबाचा मोठा तुकडा कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या धुरातला कार्बन पकडण्यावर उभा होता. त्याला निधी मिळाला नाही आणि २०२२ मध्ये ते उद्दिष्ट सोडावं लागलं. मला त्यात नाचक्की वाटत नाही. त्यांचे आकडे दरवर्षी उघड होते, म्हणून हे सगळ्यांना कळलं तरी. तुमच्या पालिकेकडून तेवढंच मागा: दरवर्षी एकदा, ठरलेल्या महिन्यात, सभेच्या विषयपत्रिकेवर, वीज-इंधन-कचऱ्याचे मागच्या वर्षीच्या तुलनेतले आकडे. २०५० चं वचन देणाऱ्या सभागृहातलं बहुतेक कुणी २०५० ला त्या खुर्चीवर नसतं. पुढच्या मार्चचं वचन देणारा असतो.

आणि काम झालं तर जाहीर आभार माना. अधिकाऱ्याचे, नावासकट, त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहून. पंधरा वर्षांत आवक विभागात मी आभाराचं पत्र दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ते कार्यालयभर फिरलं होतं.

आता यजमान. भर दुपारी चालू राहणारा दिवा म्हणजे बहुधा प्रकाश ओळखणारा सेन्सर बिघडलेला असतो किंवा टायमर चुकीच्या वेळेवर लावलेला असतो. शंभर वॉटचा दिवा दिवसाचे अकरा तास उगाच जळला तर रोजचं १.१ युनिट, वर्षाचं सुमारे चारशे युनिट. एका खांबाचे. शिवाय टायमर बहुतेकदा एका खांबाला नसतो, खाली पेटी असते आणि तिच्यावर अख्खी ओळ चालते, म्हणजे एक पेटी दुरुस्त झाली की रस्ताभर दिवे वेळेवर विझतात. त्यांना एक वही आणून द्या. संध्याकाळी फिरायला जातात त्याऐवजी आठवडाभर दुपारी जाऊ दे, टोपी घालून. वहीत तारीख, वेळ आणि खांबावर रंगवलेला क्रमांक, एवढंच. आठवड्याने दोघं मिळून गुणाकार करा आणि ते पान घेऊन विद्युत विभागात जा. आत गेल्यावर दिव्याचं बोलून झालं की सहज विचारा, "पंपांचं बिल किती येतं हो?"